यंत्र येण्यापूर्वीचे गणित

पुण्याहून मुंबईकडे निघालेली 'दख्खनची राणी' खडकी, पिंपरी, चिंचवड मागे टाकून देहूरोडच्या दिशेने धावू लागली की, १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिच्या खिडकीतून प्रामुख्याने शेते दिसत, आणि पुढे घोरावडेश्वराचा डोंगर. आकुर्डी, भोसरी आणि चाकणचे कारखाने अजून यायचे होते. या गाडीच्या नित्याच्या प्रवाशांमध्ये गणिताचे एक प्राध्यापक असत. राहायला पुण्यात आणि नोकरीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. लोहमार्गाच्या दुतर्फा असलेल्या डोंगरांमधील लेणी, वाटा आणि शेंदूर फासलेले देव यांचा त्यांनी पुढे जो अभ्यास केला, त्यामुळे दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव महाराष्ट्राला इतिहासकार म्हणून परिचित झाले. याच माणसाने १९४३ साली गणितातील असा एक सिद्धान्त मांडला होता, की ज्याच्या आधारे आज वाहनांची कंपने आणि त्यांच्यावरून वाहणारी हवा यांचा हिशेब केला जातो, हे मात्र वाहन उद्योगावर जगणाऱ्या या पट्ट्यातही फारसे कोणाच्या गावी नाही.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. घर सोडून ज्ञानाच्या शोधात नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत भटकलेला हा विद्वान 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेला. १९१८मध्ये त्यांनी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांनाही सोबत नेले. दामोदर यांचे शालेय शिक्षण त्यामुळे बोस्टनलगतच्या केंब्रिज गावात झाले. मधला काही काळ भारतात काढून ते पुन्हा अमेरिकेस गेले आणि १९२९मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून परतले. जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञाची इच्छा होती की, या विद्यार्थ्याने सारे लक्ष गणितावरच केंद्रित करावे. विद्यार्थ्याला मात्र भाषा, इतिहास, विज्ञान असे सगळेच हवे होते. ही ओढाताण त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत राहिली, आणि तिची किंमत त्यांनी दोन्ही बाजूंनी मोजली.

बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षे अध्यापन केल्यावर ते १९३१मध्ये अलीगढला गेले. तेथे आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणितज्ञ विभागप्रमुख होता. वेल यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी एका निबंधात बुर्बाकी नावाच्या, प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा गंभीर चेहऱ्याने उल्लेख केला. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका प्रख्यात गटाने हेच नाव धारण केले. बुर्बाकी हे नाव गणिताच्या छापील वाङ्मयात प्रथम आले ते असे एका भारतीयाच्या लेखात, थट्टेपायी!

१९३३मध्ये कोसंबी पुण्यात आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांचा भूमितीवरील एक निबंध जर्मनीतील नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि एली कार्तां या फ्रेंच गणितज्ञाने त्याला पुस्ती जोडली. हा सिद्धान्त आज कोसंबी, कार्तां आणि चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. मात्र पुण्यातील त्यांची १२ वर्षे केवळ भूमितीत गेली नाहीत. प्राचीन चांदीच्या आहत नाण्यांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले, तेही संख्याशास्त्राच्या वाटेने. नाणे हातोहात फिरते, झिजते. त्यामुळे एकाच टांकसाळीतल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाच्या ओघात घटत जाते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढत जातो. हे खरे की खोटे, ते पाहण्यासाठी त्यांनी चलनात असलेली हजारो नाणीही सूक्ष्म तराजूवर तोलली. इतिहासाच्या पुराव्याला मोजमाप लावण्याची ही रीत आपल्याकडे तेव्हा नवीन होती.

एका नाण्याचे वजन म्हणजे एक आकडा. अशा हजार आकड्यांची सरासरी काढता येते, त्यांचा विखुरलेपणा मोजता येतो. पण ज्या वस्तूची नोंद एका आकड्यात मावत नाही, जी क्षणाक्षणाला बदलते आणि कागदावर नागमोडी रेषा उमटवते, तिचे काय? अशा रेषा दरवेळी वेगळ्या येतात. मग त्या शेकडो वेगवेगळ्या रेषांमध्ये समान असे काय आहे? 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' या शीर्षकाचा कोसंबींचा निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९४३मध्ये प्रसिद्ध झाला, तो या प्रश्नाला उत्तर देणारा होता.

या उत्तराचे मर्म आजच्या वाचकाला चाकणच्या उदाहरणाने समजू शकेल. खडबडीत रस्त्यावरून एक मालमोटार चालली आहे आणि तिच्या सांगाड्यावर शंभर ठिकाणी हादरे टिपणारी उपकरणे बसविलेली आहेत, असे समजू. प्रत्येक उपकरण आपापली नागमोडी रेषा काढते. या गोंधळातून काही हाती लागायचे तर प्रथम कोणत्याही दोन ठिकाणच्या हालचाली एकमेकींशी किती जुळतात, हे एका आकड्यात मांडावे लागते. असे सर्व जोड्यांचे आकडे लिहिले की शंभर ओळी आणि शंभर स्तंभांचा तक्ता तयार होतो. गणितात अशा तक्त्याला मॅट्रिक्स म्हणतात. या तक्त्याच्या पोटात काही मूळ आकृती दडलेल्या असतात. सबंध गाडी एकदम वर उचलली जाणे, ही एक आकृती. पुढचा भाग दबून मागचा उचलला जाणे, ही दुसरी. डावीकडे आणि उजवीकडे कलणे, ही तिसरी. एकूण हादऱ्यांमध्ये प्रत्येक आकृतीचा वाटा किती, हे सांगणाऱ्या आकड्याला आयगेन व्हॅल्यू ही संज्ञा आहे आणि या सर्व आकड्यांचा समूह म्हणजे त्या तक्त्याचा वर्णपट. लोलकातून गेलेला प्रकाश जसा सात रंगांत विलग होतो, तशी ही विभागणी. गंमत अशी की, शंभर आकृतींपैकी पहिल्या चार-पाचच बहुतेक सारा खेळ व्यापून टाकतात. उरलेल्या सोडून दिल्या तरी फारसे बिघडत नाही.

कोसंबींनी हे शंभर ठिकाणांपुरते न मांडता अखंड रेषेसाठी, म्हणजे जिच्यावर अगणित बिंदू आहेत अशा रेषेसाठी मांडले. तक्त्याची घरे मोजता येईनाशी झाली तरी वर्णपट काढता येतो, आणि यदृच्छेने बदलणारी कोणतीही गोष्ट त्या वर्णपटातील आकृतींची बेरीज म्हणून लिहिता येते, हे या निबंधाचे सार होय. त्याच सुमारास त्यांचा आनुवंशशास्त्रावरचा एक छोटा निबंध लंडनला छापून आला. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यातील सूत्र कोसंबींच्या नावाने पिकांच्या आणि प्राण्यांच्या संशोधनात आजही वापरले जाते.

सिद्धान्त मांडून झाला. तो वापरायचा कसा, हा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. शंभर गुणिले शंभरच्या तक्त्यात १० हजार घरे असतात. कोसंबींचे तक्ते सममित असतात, म्हणजे कर्णाच्या वरची बाजू खालच्या बाजूसारखीच असते, ही सोय धरली तरी ५ हजार ५० वेगळे आकडे उरतात. दोन किंवा तीन ओळींच्या तक्त्याचा वर्णपट विद्यार्थी वहीत काढू शकतो. पाचव्या घातापासून पुढच्या समीकरणांना सर्वसाधारण सूत्रच नाही, हे नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने १८२४मध्येच दाखवून दिलेले आहे. त्यामुळे मोठ्या तक्त्याचे उत्तर अंदाज बांधत, तो पुन:पुन्हा सुधारत गाठावे लागते. शिवाय ओळी दहापट झाल्या तर श्रम साधारण हजारपट होतात. १९४३च्या पुण्यात हाताने चालवायचे आकडेमोडीचे यंत्र मिळाले तरी भाग्य, अशी परिस्थिती. उपयोग यंत्रावर अवलंबून असलेले गणित यंत्र येण्याच्या आधी लिहिले गेले, हे या निबंधाच्या उपेक्षेचे एक मोठे कारण म्हणावे लागेल.

१९४५मध्ये होमी भाभा यांनी टाटा संस्था स्थापन केली आणि कोसंबींना गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. १९४८-४९ या काळात युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. विषय होता गणकयंत्रे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीनुसार चालणारे पहिले यंत्र नुकतेच, जून १९४८मध्ये चालले होते. अमेरिकेत त्यांनी शिकागो विद्यापीठात भूमिती शिकविली आणि १९४९च्या एप्रिल-मे महिन्यांत प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत मुक्काम केला. जॉन फॉन नॉयमन यांचे प्रसिद्ध गणकयंत्र तेथे त्या वेळी आकार घेत होते. फॉन नॉयमन, हर्मन वाइल, ओपेनहायमर अशा मंडळींशी कोसंबींच्या चर्चा झाल्या. आपल्या गणिताला लागणारे अवजार तयार होत असताना ते जवळून पाहण्याची संधी भारतातील फार थोड्यांना मिळाली असेल.

टाटा संस्थेनेही पुढे स्वत:चे गणकयंत्र बांधले. तरुण अभियंत्यांनी उभारलेले हे यंत्र १९६०मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. मात्र यंत्र आले म्हणजे वर्णपटाचे सगळे प्रश्न सुटले असे नव्हे. नेमके १९६० सालीच जियान-कार्लो रोटा आणि गिल्बर्ट स्ट्रँग या दोघांनी एक साधा दिसणारा प्रश्न गणितात आणला. एका तक्त्याऐवजी अनेक तक्त्यांचा संच असेल तर काय? पुन्हा वाहनाचेच उदाहरण घेता येईल. प्रत्येक गिअरमध्ये गाडीचे कंपन एका क्षणाकडून पुढच्या क्षणाकडे कसे जाते, हे एका तक्त्याने सांगितले जाते. त्या तक्त्याच्या सर्व आयगेन व्हॅल्यू, चिन्ह बाजूला ठेवता, एकापेक्षा लहान असतील, तर कंपन विरून जाते. पण गिअर बदलत राहिले की तक्त्यांचे गुणाकार होत जातात, कोणत्या क्रमाने ते आधी ठाऊक नसते. प्रत्येक गिअरमध्ये सुरक्षित असणारी गाडी गिअरांच्या एखाद्या विशिष्ट फेरबदलात थरथरत सुटेल, हे शक्य असते.

असे होणार नाही याची खात्री संगणकाला विचारता येईल का? विन्सेंट ब्लॉन्डेल आणि जॉन सित्सिक्लिस यांनी २०००मध्ये याचे उत्तर दिले, ते नकारार्थी आहे. केवळ दोन तक्ते दिले, तरी त्यांचे कोणत्याही क्रमाने केलेले सारे गुणाकार मर्यादेत राहतील की नाही, हे प्रत्येक जोडीसाठी अचूक सांगणारी गणनपद्धती असूच शकत नाही. ही उणीव यंत्राच्या वेगाची नव्हे. उद्याच्या कितीही वेगवान संगणकालाही ती भरून काढता येणार नाही. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६मध्ये गणनेच्या ज्या मूलभूत मर्यादा दाखविल्या, त्याच जातीची ही मर्यादा आहे. अभियंते त्यातून वाट काढतात. ते अंदाजाच्या वरच्या आणि खालच्या सीमा जवळ आणतात, किंवा सुरक्षिततेची जादा अट घालून गाडीच तशी घडवतात. कोसंबींनी या प्रश्नावर काम केलेले नव्हते. तथापि त्यांच्या निबंधात येतात तसे तक्ते, म्हणजे सममित तक्ते, या बाबतीत अतिशय सरळमार्गी असतात. अशा तक्त्यांच्या संचात प्रत्येकाची सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू पाहिली की निकाल लागतो. कोणताही क्रम दगा देत नाही. अवघड भाग सुरू होतो तो तक्ता सममित नसला की.

इकडे कोसंबींचे मन मुंबईच्या कचेरीत कमी आणि लोहमार्गाच्या परिसरात अधिक रमू लागले होते. भांडारकर संस्थेजवळच्या आपल्या घरातून ते टेकड्यांवर भटकंतीला निघत. पुण्याच्या आसपास त्यांनी अश्मयुगीन माणसाची नखाएवढी गारगोटीची हत्यारे गोळा केली. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी, त्यांच्याजवळून जाणारे जुने व्यापारी मार्ग, धनगरांच्या वाटा आणि त्या वाटांवरच्या ग्रामदेवता यांचा संबंध त्यांनी जोडून दाखविला. कार्ल्याच्या शिलालेखांतून वारंवार येणारे धेनुकाकट हे गाव कोणते, याचा त्यांनी छडा लावण्याचा प्रयत्न केला. मेंढपाळांशी बोलणे हे त्यांच्या लेखी ग्रंथालयात बसण्याइतकेच महत्त्वाचे होते. भर्तृहरीच्या सुभाषितांची १९४८ची चिकित्सक आवृत्ती, १९५६चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा ग्रंथ आणि १९६२चे 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' ही या काळातील कमाई. भर्तृहरीच्या शेकडो हस्तलिखितांमधून मूळ श्लोक कोणते हे ठरविताना त्यांनी जे केले, तेही विखुरलेल्या नोंदींमधून समान आकृती शोधण्याचेच काम होते.

संस्थेतील वातावरण मात्र बिघडत गेले. अणुऊर्जेवर देशाने एवढा भर द्यावा हे कोसंबींना मान्य नव्हते. उष्ण कटिबंधातील गरीब देशाने सूर्याच्या ऊर्जेकडे वळावे, असे ते उघडपणे मांडत. शांतता चळवळीतही ते सक्रिय होते. अणुऊर्जा कार्यक्रमाचे सूत्रधार असलेल्या भाभांच्याच संस्थेत राहून ही भूमिका घेणे सोपे नव्हते. त्यातच १९५९मध्ये त्यांनी एक मोठी चूक केली. अविभाज्य संख्यांविषयीचे रीमान यांचे गृहीतक हा गणितातील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक. संभाव्यताशास्त्राच्या युक्तिवादाने आपण तो सोडविल्याचा दावा कोसंबींनी केला, आणि तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकातून. सिद्धता टिकली नाही. जगभरच्या गणितज्ञांत हसे झाले आणि संस्थेची कुचंबणा झाली. यादृच्छिक रेषांच्या बाबतीत ज्या दृष्टीने त्यांना यश दिले, तीच दृष्टी त्यांनी अविभाज्य संख्यांवर रोखली होती. पण अविभाज्य संख्या यदृच्छेने येत नाहीत, त्या ठरलेल्या आहेत. या ठिकाणी दोष इतरांच्या माथी मारता येत नाही. १९६२मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही. त्यामागे सिद्धतेचा वाटा किती आणि मतभेदांचा किती, हा वाद त्यांच्या चाहत्यांत आणि टीकाकारांत आजही मिटलेला नाही. एवढे निश्चित की, १७ वर्षांनी रोजचा प्रवास थांबला.

१९६४मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते जोडले गेले. पुढच्या वर्षी प्राचीन भारताची संस्कृती आणि सभ्यता यांवरील त्यांचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. २९ जून १९६६ रोजी पहाटे पुण्यातील घरी झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. त्याच १९६६ सालाशी पिंपरीतील टेल्कोच्या वाहन कारखान्याची सुरुवात निगडित आहे. वाहनांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी 'एआरएआय' ही संस्थाही त्याच वर्षीची. तिचे मुख्य आवार वेताळ टेकडीवर आहे, पुढे तिचे एक केंद्र चाकणलाही झाले.

दरम्यान १९४३च्या निबंधातील सिद्धान्त जगात दुसऱ्याच नावांनी रूढ झाला होता. १९४५ ते १९४८ या काळात फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तो मांडला, आणि पाठ्यपुस्तकांनी या दोघांची नावे उचलली. कोसंबींच्या निधनानंतर वर्षभरातच, १९६७मध्ये, जॉन लम्ली यांनी हीच रीत खवळलेल्या प्रवाहांच्या अभ्यासासाठी आणली. संगणक स्वस्त झाले तशी ती विमानांपासून मोटारींपर्यंत आणि हवामानापासून चेहरे ओळखण्यापर्यंत पसरली. पुण्यातल्या प्राध्यापकाने ती दोन वर्षे आधीच लिहून ठेवली होती, याकडे एरोस्पेस शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी २०११मध्ये एका लेखाद्वारे लक्ष वेधले. अलीकडे अनेक ठिकाणी हा सिद्धान्त कोसंबी, कारहुनेन आणि लोएव्ह अशा तिघांच्या नावाने लिहिला जातो. टपाल खात्याने २००८मध्ये कोसंबींचे तिकीट काढले होते. त्यांच्या निवडक गणिती लेखांचा खंड रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनाखाली २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. १९४३चा तो १३ पानी निबंध त्यात आता कोणालाही वाचता येतो.